बारशापासून पहिलीपर्यंत: कोपरखैरण्यात पैसे नक्की कुठे जातात?

मूल जन्मल्यापासून पहिलीत बसेपर्यंत कायद्याने किंवा आरोग्यासाठी जे करावंच लागतं, त्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. जन्मनोंद, मूळ लसी, आधार, अंगणवाडी यातल्या कशालाही खिशात हात घालावा लागत नाही. तरीही कोपरखैरण्यातल्या कुठल्याही सेक्टरमधल्या आईबापांना विचारा, ‘लाख-दीड लाख कधी गेले कळलंच नाही’ असं ऐकायला मिळेल. ते कुठे जातात आणि कुठे वाचवता येतात, एवढंच इथे सांगायचं आहे. सरकारी आकडे ठाम आहेत. खासगी दर अंदाजाचे आहेत. सेक्टर आणि लग्नसराई बदलली की ते हलतात, म्हणून विचारून घ्या.

आधी दाखला, मग पाळणा

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. बाळंतपण रुग्णालयात झालं असेल तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. तुमचं काम फॉर्मवरची नावं डोळ्यांत तेल घालून तपासण्याचं. आईचं नाव तिच्या आधारवर आहे तसंच आहे ना, वडिलांच्या नावात एखादं अक्षर जादा पडलंय का, हे तिथेच बघा. पुढे एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे होतात.

कोपरखैरण्यात एक अडचण हमखास येते. इथे माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे, सातारा-सांगलीकडची घरं पुष्कळ, आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत अजून टिकून आहे. बाळ जिथे जन्मलं तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद होते. नवी मुंबई महापालिका तो दाखला देऊ शकत नाही. बाळंतीण सव्वा महिन्याने परत येते तेव्हा बारशाचे दोनशे फोटो मोबाइलमध्ये असतात आणि दाखला गावीच राहिलेला असतो. मग एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. निघण्यापूर्वी दाखल्याच्या तीन-चार प्रती काढून घ्या.

रुग्णालयातून निघतानाच नाव सांगायला हवं असं नाही. जन्माची नोंद नावाशिवाय होते आणि एक वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आत्या काय नाव ठेवते ते बघून मग गेलात तरी चालतं. मात्र मूळ नोंदच राहिली आणि वर्ष उलटलं, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि एजंट नेमका त्याच टप्प्यावर भेटतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार या सगळ्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. दुसरा कागद नाही. आणखी एक: १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव राज्याच्या निर्णयाप्रमाणे शाळेच्या कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने येतं. पहिल्यापासून सगळीकडे तोच क्रम ठेवा.

बाल आधारही मोफत. जन्मदाखला आणि आईबापापैकी एकाचं आधार एवढं पुरतं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बोटांचे ठसे घेत नाहीत; पाच पूर्ण झाल्यावर ते द्यावे लागतात, आणि पाच ते सात या वयात त्यालाही शुल्क नाही. केंद्रावर कुणी पैसे मागितले तर पावती मागा आणि १९४७ वर तक्रार करा.

काही पैसे घरात येणारेही आहेत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. राज्याच्या ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीला, घरी पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर, जन्मताच ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठराव्या वर्षी ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये मिळतात. दोन्हींना पात्रतेच्या अटी आहेत. फॉर्मसाठी सायबर कॅफे गाठायच्या आधी आपल्या भागातल्या अंगणवाडी सेविकेला भेटा.

लस: फुकटची आणि पेटीवरच्या किमतीची

महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात राष्ट्रीय वेळापत्रकातल्या सगळ्या लसी मोफत आहेत. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटाव्हायरस. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला न्यूमोकोकल, त्याचा बूस्टर नवव्या महिन्यात. नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेला. ‘सरकारी लस हलकी असते’ असं सोसायटीच्या बाकावर ऐकू येतं. ते खोटं आहे.

खासगी बालरोगतज्ज्ञाकडे ‘दुखत नाही’ म्हणून मिळणारी एकत्रित लस एका मात्रेला साधारण तीन ते साडेचार हजारांची पडते, आणि अशा तीन मात्रा लागतात. तिच्याने ताप आणि सूज कमी येते, एवढंच. संरक्षण जास्त मिळतं असं नाही. एका रात्रीच्या किरकिरीसाठी दहा-बारा हजार मोजायचे का, हे तुम्ही ठरवा. मी मोजणार नाही. पण गालगुंड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए, फ्लू आणि टायफॉइडच्या लसी आपल्या मोफत यादीत नाहीत. त्या घ्यायच्या असतील तर खासगीच, आणि प्रत्येकीला साधारण दीड ते अडीच हजार धरा. म्हणून मूळ लसी आरोग्य केंद्रात आणि वरच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने खासगीत, असा मेळ घातला तर खर्च निम्म्याहून खाली येतो. कार्ड मात्र एकच ठेवा. खासगीत लस घेताना पेटीवरची छापील किंमत आणि मुदत स्वतः वाचा, आणि तपासणीची फी बिलात वेगळी लिहून घ्या.

कान टोचणं आणि दोन ग्रॅमची मेख

बारशाला नाहीतर पाचव्या-सहाव्या महिन्यात कान टोचतात. सोनाराकडे तारेने टोचून घ्यायचे शंभर ते तीनशे रुपये, तार वेगळी. डॉक्टरांकडे हजार-दोन हजार. पैसा खरा जातो तो दागिन्यात. आजीची बाळी, मामाच्या मनगट्या, आत्याचा बदाम. सोन्याच्या हॉलमार्कमध्ये सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक सक्तीचा झाला तो १ एप्रिल २०२३ पासून, पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा दागिना या सक्तीतून वगळलेला आहे. बाळाचे दागिने बहुतेक नेमके याच वजनात बसतात. म्हणजे सगळ्यात भावनेने घेतलेल्या सोन्यावर शिक्का नसतो. बिलात वजन, कॅरेट, सोन्याची किंमत आणि मजुरी हे चार आकडे वेगवेगळे लिहून घ्या. ‘नगावर भाव’ असं तोंडी सांगणाऱ्या दुकानातून उठून या. लहान दागिन्याची मजुरी ग्रॅममागे मोठ्या दागिन्यापेक्षा जास्त पडते आणि मोडताना ती परत येत नाही. वर्षभरात मनगट्या घट्ट होणार हे नक्की. चार नातेवाइकांनी चार फुटकळ वस्तू देण्यापेक्षा मिळून एकच दोन ग्रॅमच्या वरची हॉलमार्कची वस्तू दिली तर बरं. हे सांगायला वाईट वाटतं, पण घरातल्या एका मोठ्या माणसाने सांगितलं की सगळे ऐकतात.

पंधरा मिनिटांचा धूर

आता समारंभ. सिडकोच्या रो-हाऊसमध्ये पंधरा माणसं बसली की सोळावा दारात. त्यामुळे बारसं गच्चीवर, वाढदिवस हॉलमध्ये. सोसायटीची गच्ची पाचशे-हजारात मिळते, खासगी छोटा एसी हॉल चार तासांना आठ ते वीस हजार. महापालिकेची आणि सिडकोकालीन समाजमंदिरं याहून बरीच स्वस्त पडतात, पण तारीख महिना-दोन महिने आधी अडवावी लागते.

पहिल्या वाढदिवसाचं एक कोटेशन नीट वाचू. साधारण असं येतं: ‘बलून आर्च, वेलकम बोर्ड, केक टेबल, नावाचं कटआऊट, स्मोक एन्ट्री, एलईडी नंबर: ११,०००.’ खाली बारीक अक्षरात ‘ट्रान्सपोर्ट आणि लिफ्ट नसल्यास लेबर वेगळे’. एलईडी नंबर भाड्याचा असतो, तुटला तर तुमच्या माथी. स्मोक एन्ट्री म्हणजे पंधरा मिनिटांचा धूर, आणि वर्षाचं पोर तो बघून रडतं. हा धूर कापला की हजार-दीड हजार तिथेच सुटतात. कटआऊटऐवजी घरच्या फोटोंची दोरी लावा.

जेवणाचा हिशेब पाहा. ८० माणसं, ताटाला २८० रुपये, म्हणजे २२,४००. केटरर पक्कं बिल देत असेल तर पाच टक्के जीएसटी १,१२०, झाले २३,५२०. पण आपल्याकडे ८० बोलावले की १०० येतात, आणि जादा ताटाचा दर आधी ठरलेला नसला तर रात्री दहाला हॉलच्या दारात वाद होतो. कोटेशनवर जादा ताटाचा भाव आणि उरलेलं अन्न कुणाचं, हे दोन मुद्दे लिहून घ्या. आगाऊ रकमेची पावती घ्या, आणि तारीख रद्द झाली तर किती परत मिळेल तेही त्याच कागदावर येऊ द्या. बाळ आजारी पडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

जावळाचा खर्च तर घराण्याच्या दैवतावर ठरतो. इथल्या मूळ गावांतले आगरी-कोळी कार्ल्याच्या एकवीरेला जातात, घाटावरची मंडळी आपापल्या गावच्या देवाला. केस मामाच्या मांडीवर उतरतात आणि खर्च बापाच्या डोक्यावर चढतो. त्यात वस्तरा शंभराचा, बोकड आणि ट्रॅव्हलर मिळून पंचवीस-तीस हजार. गाडी ठरवताना टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून रक्कम विचारा.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात देखणा सोहळा बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी, हलव्याचे दागिने तीनशे ते आठशे, काळं झबलं, बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या. तुर्भ्याच्या एपीएमसीत बोरं घाऊक मिळतात. दोन-तीन घरांनी मिळून आणली तर दीड-दोन हजारांत सगळं आटपतं. चार वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात बोर, हरभरा किंवा गोळी जाणार नाही, याकडे मात्र एक मोठं माणूस नेमा.

शाळा: खरा खर्च

इथून पुढे काटकसर फारशी चालत नाही. तीन ते सहा वयासाठी अंगणवाडी मोफत आहे आणि आहारही मिळतो. रो-हाऊसमधल्या प्लेग्रुपची वर्षाची फी साधारण पंचवीस ते साठ हजार सांगतात; किट, वार्षिक कार्यक्रमाचा पोशाख आणि सहल त्यात नसते. ‘वर्षाची फी’ असं न विचारता ‘जूनपासून एप्रिलपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जातील’ असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मूल रमलं नाही आणि महिन्याभरात काढलं, तर काय परत मिळेल तेही. व्हॅनवाल्या काकांना दहा महिन्यांचे पैसे की बारा, हे जूनमध्येच ठरवा; मे महिन्याचं भाडं हा इथला जुना वाद आहे.

पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत, नर्सरीसाठी तीन. घाईने एक वर्ष आधी घातलेलं मूल पुढे अडकतं आणि एका वर्गाची फी दोनदा भरावी लागते. महापालिकेची सीबीएसई शाळा कोपरखैरण्यात सेक्टर ११ मध्ये आहे. अर्जांच्या तारखांवर लक्ष ठेवा, जागा मोजक्या असतात. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क. दुर्बल घटकाला वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं; अनुसूचित जाती-जमातींसारख्या वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. भाड्याने राहणाऱ्यांचे अर्ज करारावर बाद होतात. नोटरी केलेला करार चालत नाही, नोंदणीकृत लागतो, आणि तोही अर्ज सुरू होण्याआधीचा. जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा दिवाळीतच करून ठेवा.

खासगी शाळेत महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती फी मंजूर करते, आणि ती दोन शैक्षणिक वर्षं तशीच राहते. मंजूर फी सूचना फलकावर लावायची असते. पहिल्याच पालकसभेत त्या फलकाचा फोटो काढून ठेवा. जुन्या करप्रणालीत असाल तर दोन मुलांच्या नर्सरीपासूनच्या शिकवणी शुल्कावर सवलत मिळते, पण विकासनिधी किंवा देणगीवर नाही. म्हणून पावतीवर ‘ट्यूशन फी’ वेगळी दाखवायला सांगा.

हॉलवाल्याने आगाऊ रक्कम बुडवली किंवा प्लेग्रुपने परतावा नाकारला, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्याने भागलं नाही तर आपलं ग्राहक आयोगाचं कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे दाखल शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही. पावती मात्र लागते.