शिशाचा छर्रा व कथिलाचा छर्रा

ज्या पेन्सिलीनें तुम्ही गणितें सोडवितां तिला घरोघर शिसपेन्सिल म्हणतात. परंतु तिच्यांत शिसें मुळींच नसतें. तिच्या पोटांत असतो तो ग्रॅफाइट नांवाचा कार्बनाचा एक प्रकार, आणि त्यांत कालविलेली चिकणमाती. उलटपक्षीं, देवळांतील मूर्तीवर जो शेंदूर चढविलेला असतो त्याच्या नांवांत शिशाचा मागमूसहि नाहीं. तरी अस्सल शेंदूर म्हणजे शिसें व प्राणवायु यांचें संयुगच होय. नांवावरून वस्तु ओळखूं गेलें असतां अशी फसगत होते. ज्या छर्ऱ्यांविषयीं येथें लिहावयाचें आहे त्यांनाहि सरसकट ‘छर्रे’ एवढेंच नांव आहे. ते कोणत्या धातूचे आहेत हें डबी घेतांना सहसा कोणी विचारीत नाहीं. तें विचारावें, इतकाच या पाठाचा हेतु.

सेवाग्राम ज्या वर्धा जिल्ह्यांत आहे तेथल्या शाळेच्या अंकांत पिस्तुलावर पाठ कशाला, अशी शंका एखाद्या पालकाच्या मनांत येईल, व ती रास्त आहे. तिचें उत्तर असें कीं, एअर पिस्तुलाच्या खेळांत शत्रु नसतो. समोर दहा मीटरांवर एक लक्ष्य असतें, आणि खेळाडूस आपला श्वास, आपलें मनगट व आपला उतावळेपणा एवढ्यांशींच झगडावयाचें असतें. १८९६ सालच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून नेमबाजीस तेथें स्थान आहे. एअर पिस्तूल १९८८ सालीं सेऊल येथें दाखल झालें. २०२४ सालीं पॅरिस येथें कु. मनु भाकर हिनें याच प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. आपल्या महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यानें २०२२ सालीं कैरो येथें एअर रायफलीचें जगज्जेतेपद पटकाविलें. त्याच्या रायफलींतून सुटणारा छर्रा पिस्तुलाच्या छर्ऱ्याइतकाच, म्हणजे साडेचार मिलिमीटर व्यासाचा असतो. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यानें पॅरिसचें कांस्यपदक मिळविलें तें मात्र काडतुसाच्या रायफलीनें व पन्नास मीटरांवरून. तें प्रकरण निराळें. अशा बातम्या वाचल्यावर मुलें हा खेळ मागूं लागतात हें स्वाभाविक आहे. आणि खेळ आला कीं छर्ऱ्यांची डबी आलीच.

छर्रा चिमटींत धरून पाहिला तर तो डमरूसारखा दिसतो. पुढें डोकें, मध्यें चिंचोळी कंबर, आणि मागें पातळ, पोकळ घेर. चाप ओढतांच दाबलेली हवा त्या घेरांत शिरते व त्यास फुलवून नळीच्या भिंतीशीं घट्ट बसविते. म्हणून ती बाजूनें निसटून वायां जात नाहीं. नळीच्या आंत मळसूत्रासारखे पेंच कोरलेले असतात. मऊ धातूवर त्यांची पकड बसते आणि छर्रा स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडतो. भोंवरा फिरत असतो तोंवर उभा राहतो, तसा हा फिरता छर्रा आपलें तोंड सरळ ठेवितो. या कामास धातु मऊ हवा, जड हवा, सहज घडविण्याजोगा हवा आणि स्वस्त हवा. शिशांत हे सारे गुण एकत्र सांपडतात, म्हणूनच इतकीं वर्षें त्याचें राज्य चाललें. तथापि आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेचा नियम छर्रा शिशाचा किंवा तशाच मऊ पदार्थाचा असावा एवढेंच सांगतो. शिसेंच पाहिजे असा त्याचा हट्ट नाहीं.

आतां शिशाचा दोष. शरीर शिशास ओळखीत नाहीं. तें त्याला कॅल्शियमच समजतें, व जेथें कॅल्शियम जावयाचें तेथें, म्हणजे हाडांत, नेऊन वर्षानुवर्षें साठवितें. मेंदूच्या कामांतहि तें असेंच घुसतें. पोटांत गेलेल्या शिशापैकीं प्रौढ मनुष्य जेवढा अंश शोषून घेतो, त्याच्या चार ते पांच पट अंश लहान मूल घेतें; आणि ज्याच्या अन्नांत लोह व कॅल्शियम कमी त्याच्या अंगीं तें अधिकच लागतें. उपाशीं पोटीं सरावास येणाऱ्या मुलांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें. शिशाचें अमुक प्रमाण निर्धोक आहे असें ठरवितां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच कारणास्तव आपल्या देशांत २००० सालीं शिसें घातलेलें पेट्रोल बंद झालें, आणि २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसें असूं नये असा निर्बंध आला.

एअर पिस्तुलांत हा धोका काडतुसाच्या शस्त्रापेक्षां पुष्कळ कमी असतो, हेंहि सांगितलें पाहिजे. उगीच भय घालणें शिक्षकाला शोभत नाहीं. काडतुसांत ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यांतच बहुधा शिशाचें संयुग असतें, व उष्णतेनें शिशाची बारीक धूळ हवेंत उडते. येथें जाळ नाहीं, धूर नाहीं. परंतु एका सामन्यांत साठ छर्रे सोडावयाचे, म्हणजे साठ वेळां शिसें बोटांच्या चिमटींत येतें. सरावाचे छर्रे वेगळेच. बोटांवर जी करडी झांक येते ती धूळ नव्हे, तो धातु आहे. त्याच बोटांनीं मुलगा डब्यांतील पोळी मोडतो. कित्येक नेमबाज पुढचा छर्रा हाताशीं असावा म्हणून ओठांत धरतात. ही खोड पाहून माझ्या अंगावर शहारे येतात. लक्ष्यामागें छर्रे अडविणारी जी लोखंडी पेटी असते तिच्यांतहि आपटून चुरा झालेलें शिसें सांचतें, आणि ती पेटी कोरड्या झाडूनें झाडली कीं तें हवेंत उडतें.

म्हणून कथिलाकडे वळावयाचें. कथील आपल्या स्वयंपाकघराला परकें नाहीं. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकूं नयेत म्हणून भट्टी पेटवून, नवसागर टाकून कल्हईवाला आंतून जो चकचकीत लेप देतो, तें कथीलच. लबाड कल्हईवाला त्यांत स्वस्त शिसें मिसळतो आणि जाणत्या गृहिणी त्याला दारांत उभा करीत नाहींत; शिसें व कथील यांतील भेद आपल्या आजींना शाळेंत न जातां ठाऊक होता! बिनशिशाचे छर्रे बहुधा कथिलाचे किंवा कथिलाच्या मिश्रधातूचे असतात. कांहीं जस्ताच्या मिश्रणाचेहि निघतात.

येथें थोडें गणित करूं. एक घनसेंटिमीटर शिशाचें वजन ११.३ ग्रॅम, तर तेवढ्याच कथिलाचें ७.३ ग्रॅम. म्हणजे ०.५३ ग्रॅमचा शिशाचा छर्रा त्याच मापानें कथिलाचा केला तर तो सुमारें ०.३४ ग्रॅमचा भरेल. शिशाचा छर्रा सेकंदास १५० मीटर वेगानें सुटतो असें धरलें, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारें ६ ज्यूल होते. तीच ऊर्जा हलक्या छर्ऱ्यास मिळाली तर त्याचा वेग सुमारें १८७ मीटर होईल. प्रत्यक्षांत पिस्तूल हलक्या छर्ऱ्यास तेवढी ऊर्जा पुरती देत नाहीं, व हवेचा अडथळाहि असतो. पण अदमासास हें पुरे. दहा मीटर जाण्यास पहिल्यास सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तेवढ्या अवधींत गुरुत्वाकर्षणानें तो सुमारें २२ मिलिमीटर खालीं येतो. दुसरा लवकर पोहोंचतो व १४ मिलिमीटरच खालीं येतो. फरक पडला ८ मिलिमीटरांचा. आतां लक्ष्याकडे पाहा: दहा गुणांचें वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचें असतें, व त्यापुढील एकेक वर्तुळ ८ मिलिमीटर अंतरानें आंखलेलें असतें. अर्थात् शिशाच्या छर्ऱ्यानें जो बरोबर मध्यावर नेम लावीत होता, त्यानें नुसता छर्रा बदलला व मागची खांच आहे तशीच ठेविली, तर त्याचा नेम एक वर्तुळ वर चढेल. मग तो म्हणेल, ‘नवे छर्रे वाईट आहेत!’ छर्रे वाईट नाहींत. मागची खांच थोडी खालीं घेतली कीं काम झालें.

ते खरोखर वाईट आहेत कीं काय, हें ठरविण्याची रीत निराळी आहे. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून एका जातीचे दहा छर्रे एका कागदावर सोडावे, दुसऱ्या जातीचे दुसऱ्या कागदावर. छिद्रांचा पुंजका कोठें पडला हें पाहूं नये. तो खांचेनें हलवितां येतो. पुंजका किती पसरला हें मोजावें. तें खांचेनें सुधारत नाहीं. धातु बदलतांना नळी आधीं पुसून घ्यावी व पहिले कांहीं छर्रे हिशेबांत धरूं नयेत, कारण नळींत जुन्या शिशाचा पातळ लेप राहिलेला असतो. प्रत्येक नळीची आवड निराळी असते. मित्राच्या पिस्तुलांत जो छर्रा उत्तम चालला तो तुमच्या पिस्तुलांत चालेलच असें नाहीं. पदकाच्या स्पर्धेंत उतरणारे खेळाडु अजून बहुशः शिशाचाच छर्रा पसंत करितात, कारण त्यांना अर्ध्या मिलिमीटराचीहि किंमत असते. ज्या मुलाचे छर्रे अजून काळ्या वर्तुळाबाहेर जातात त्याला ती सबब सांगतां येणार नाहीं.

कथिलाच्या बाजूनें इतकें बोलल्यावर त्याची उणी बाजूहि मांडली पाहिजे. शिशाचा छर्रा लोखंडी पत्र्यावर आपटला कीं चपटा होऊन खालीं पडतो. मिश्रधातूचा, व विशेषतः जस्ताचा छर्रा त्याहून कठीण. तो आपला आकार राखतो आणि उसळून मागें येण्याचा संभव अधिक असतो. म्हणून बिनशिशाचा छर्रा वापरणाऱ्यानें, आणि शेजारीं उभें राहून पाहणाऱ्यानेंहि, डोळ्यांवर संरक्षक चष्मा घातलाच पाहिजे. पेटींतील पत्रा तिरपा असावा व पुढें जाड कापडाचा पडदा सोडावा. दुसरी उणीव किंमतीची. बाजारांत कथील शिशाच्या कितीतरी पट महाग असतें, आणि तो भार अखेरीस डबीवर येतो. आमच्यासारख्या जिल्ह्यांत, जेथें पुष्कळांचें वर्षाचें अंदाजपत्रक कपाशीच्या भावावर ठरतें, तेथें ही गोष्ट लहान नाहीं. माझें मत विचाराल तर नवशिक्या मुलांस आठवड्यास शंभर छर्रे शिशाचे देण्यापेक्षां चाळीस कथिलाचे द्यावे. आरंभीं पुष्कळसा सराव छर्ऱ्यावांचूनच, रिकामें पिस्तूल धरून व श्वास रोखून करावयाचा असतो. त्यास कांहींच खर्च नाहीं.

पालकांनीं डबी घेतांना तिजवर ‘शिसेंविरहित’ या अर्थाचे शब्द आहेत कीं नाहींत तें पाहावें. नुसत्या चकचकीत रंगावर जाऊं नये, कारण शिशाच्या छर्ऱ्यावर तांब्याचा मुलामा देऊनहि विकतात. कथिलाचा छर्रा असो वा शिशाचा, खेळ संपल्यावर साबण व वाहत्या पाण्यानें हात धुतल्यावांचून डबा उघडूं नये. सरावाची जागा झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. सरावाचे कपडे घरच्या तान्ह्या मुलाच्या दुपट्यांबरोबर भिजवूं नयेत.

आणखी एक गोष्ट राहिली. आपल्याकडे नदीकांठच्या गांवांतून मासे धरण्याच्या जाळ्यांना शिशाचीं वजनें लावितात, आणि पेटींत सांचलेले जुने छर्रे वितळवून तशीं वजनें घरींच ओतावीं असा मोह होतो. शिसें ३२७ अंशांवर वितळतें, म्हणजे चुलीवरहि वितळतें. तें घरांत वितळवूं नये. चेपलेले छर्रे झांकणाच्या डब्यांत भरून, वर ‘शिसें’ असें ठळक लिहून, सराव घेणाऱ्या शिक्षकांच्या स्वाधीन करावे.