पावशाची साद आणि पेरणीची वेळ

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या परतवाडा परिसरात उन्हाळा चढू लागला की संत्र्याच्या बागांतून व आमरायांतून दोन पक्ष्यांचे आवाज पहाटेपासून ऐकू येतात. एक कोकिळ व दुसरा पावशा. रात्रीही ते ओरडत असल्याने झोपमोड होते, अशी पुष्कळांची तक्रार असते. तथापि हा त्यांच्या विणीचा काळ होय. तो सरला की आवाज आपोआप मंदावतो. त्यासाठी दगड वा गलोल हाती घेण्याचे कारण नाही.

हे दोन्ही पक्षी एकाच कुळातील असून ते स्वतः घरटे बांधीत नाहीत. कोकिळा कावळ्याच्या, तर पावशाची मादी बहुधा सातभाईच्या घरट्यात अंडी घालते. त्याच कुळातील भारद्वाज मात्र आपले घरटे स्वतः बांधतो.

पावशाच्या आवाजात शेतकऱ्यास 'पेरते व्हा' असे शब्द ऐकू येतात. परंतु तो पाऊस येण्याच्या कित्येक आठवडे आधीपासून ओरडतो. ती साद मादीसाठी असते, पेरणीसाठी नव्हे. तिच्यावर किंवा पहिल्या सरीवर भिस्त ठेवून कपाशी अथवा सोयाबीन पेरल्यास, पावसाने ओढ देताच बी वाया जाते व दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. सबब महसूल मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद पाहावी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत खोलवर ओल गेल्यावरच तिफण जुंपावी.

याचा अर्थ पावशा निरुपयोगी असा नव्हे. इतर पक्षी ज्यांना सहसा शिवत नाहीत, अशा केसाळ अळ्या तो आवडीने खातो. भारद्वाज किडे, गोगलगायी व उंदीर टिपतो. चीनमध्ये १९५८ साली धान्य खातात म्हणून चिमण्या मारण्याची मोहीम निघाली. पुढे किडींचा उपद्रव वाढला, आणि १९६० साली चिमण्यांना त्या यादीतून वगळावे लागले.

म्हणून धुऱ्यावरील बाभूळ, कडुनिंब राखावेत. कपाशी, तूर व हरभऱ्यात हेक्टरी २० ते २५ पक्षीथांबे उभारावेत. त्यांवर बसून कोतवाल व साळुंकी अळ्या वेचतात. अंगणात सावलीत पाण्याचे परळ ठेवावे. वन्य पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हेही ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सभेत समजावून द्यावे.

पावशाचे गाणे आनंदाने ऐकावे. पेरणी मात्र पर्जन्यमापक पाहूनच करावी.