शांत बाळाचे लंगोट मोजा

"आमचं बाळ फार शहाणं हो, रडतच नाही, नुसतं झोपून असतं," असं कौतुक ऐकलं की मी आधी विचारते, सकाळपासून लंगोट किती ओले झाले? बाळ पहिल्या आठवड्यातलं असेल, तर कुणाला हा प्रश्न आगाऊपणाचा वाटला तरी मी तो सोडत नाही. माझी मुलगी अशीच शहाणी होती.

सिझेरियन झालं होतं. तिसऱ्या दिवशी नर्सिंग होममधून दिंडोशीला, नागरी निवाऱ्यातल्या घरी आलो. जन्माचं वजन ३ किलो. डिस्चार्जच्या कागदावर माझ्या गोळ्या होत्या, टाके काढायची तारीख होती. बाळाला वजनासाठी पुन्हा कधी आणायचं याबद्दल एक ओळ नव्हती. तिथे असताना "पितंय ना?" असं येणारी-जाणारी प्रत्येकजण विचारायची, पण शेजारी बसून एक वेळचं पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी पाहिलं नाही. मला डोळ्यांत पाणी येईल इतकं दुखायचं. "सुरुवातीला दुखतंच," असं सगळ्या म्हणायच्या. मुलगी दोन-चार मिनिटं चोखायची आणि झोपी जायची. पोर गुणी आहे, यावर आई आणि सासूबाई यांचं एकमत होतं.

पाचव्या दिवशी लंगोटावर विटकरी डाग दिसला. रक्तच वाटलं मला.  आमच्या वसाहतीत कुणाच्या घरी काय हुन्नर आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. महापालिकेच्या प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर दोन इमारती सोडून राहतात, त्यांना सासूबाईंनी बोलावून आणलं. त्यांनी हात धुतले, बाळाच्या तोंडात करंगळी घालून ओल पाहिली, तळपायाला टिचकी मारली. पोरीने डोळे किलकिले केले आणि मिटले. "ही झोप नाही, ग्लानी आहे," त्या म्हणाल्या, "रिक्षा बोलवा."

वजन भरलं २ किलो ६२० ग्रॅम. रक्तातलं सोडियम वाढलेलं, कावीळ चढलेली. सलाईन मुद्दाम सावकाश दिलं, कारण सोडियम झपाट्याने उतरलं तर मेंदूला सूज येऊ शकते. ती बरी होऊन घरी आली, आता शाळेत जाते. पण हे टाळता आलं असतं, आणि पुढच्या बाळंतिणीच्या घरी ते टळावं म्हणून मी हे लिहिते आहे.

घडलं ते असं. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र जात होतं, त्यामुळे दूध ओढलं जात नव्हतं. पोटात दूध नाही म्हणून अंगात जोर नाही, जोर नाही म्हणून झोप, झोप म्हणून चोखणं कमी. छाती रिकामी झाली नाही की शरीर दूध बनवणं कमी करतं. त्यात सिझेरियननंतर दूध उतरायला बऱ्याचदा थोडा उशीर होतो. पहिले दोन-तीन दिवस जो पिवळसर चीक येतो तो चमचा-चमचाभरच असतो आणि तेवढाच पुरतो, पण तो बाळाच्या पोटात जायला तर हवा!

दवाखान्यात मी हाताने दूध काढून स्टीलच्या वाटीत घेत होते आणि ते बोंडल्याने पाजत होतो. कमी पडलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं तेवढं पावडरचं दूधही दिलं. याचं कुणी बाळंतिणीला वाईट वाटू देऊ नये. गरज असेल तेव्हा आधी आईचं काढलेलं दूध, ते नसेल तर मातृदुग्धपेढीतलं आणि मग पावडरचं, हा क्रम. आपल्या मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच अशक्त आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी.

खरी दुरुस्ती त्याच सिस्टरांनी पुढच्या पाजण्याला शेजारी बसून केली. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर घ्यायचं: तळहात मानेखाली, बाळाचं पोट आपल्या पोटाला टेकलेलं, नाक स्तनाग्रासमोर. डोकं मागून दाबायचं नाही. स्तनाग्र वरच्या ओठाला हलकेच लावायचं आणि थांबायचं. हे थांबणंच अवघड. जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की बाळाला झटकन छातीकडे आणायचं. आपण वाकून छाती त्याच्या तोंडात कोंबायची नाही. हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसणारा, असं जमलं की पकड बरोबर. मग गिळण्याचा बारीक आवाज येतो. मी तो पहिल्यांदा तेव्हा ऐकला. दुखणंही काही क्षणांत ओसरलं. दुखतच राहिलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. पवईच्या आयआयटीच्या आरोग्यविषयक शैक्षणिक चित्रफिती मराठीतही आहेत. त्यात ही पकड नीट दाखवली आहे. सातव्या-आठव्या महिन्यातच नवरा-बायकोने मिळून बघाव्यात.

आता हिशेब. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले. काळी चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, ७ टक्क्यांपर्यंत चालतं. १० टक्क्यांवर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर. दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत यायला हवं. पाजणं दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, आणि पहिल्या आठवड्यात बाळ उठत नसेल तर उठवून. पाजायलाही उठेना, तोंड कोरडं, पिवळेपणा पोटाच्या खाली उतरलेला, पाचव्या दिवशीही विटकरी डाग, अंगात ताप: यातलं एकही दिसलं तर उद्याची वाट पाहू नका.

दुसऱ्या टोकाचाही त्रास तितकाच. बाळ संध्याकाळी किरकिरलं, अर्ध्या-अर्ध्या तासाने छाती मागू लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "दूध पुरत नाही वाटतं." लंगोट ओले आहेत, वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. छाती मऊ लागली म्हणजे दूध आटलं असं नाही. या वाक्याने खचून कितीजणी पावडरचा डबा आणतात, आणि डबा आला की चोखणं कमी, म्हणून दूध कमी. बाळाच्या पावडरच्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे. पण घरच्यांच्या तोंडून होणाऱ्या जाहिरातीला कुठला कायदा लागणार?

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा जरूर द्या, बाळंतिणीला भूक असते. पण दूध वाढतं ते छाती रिकामी होण्याने. मध चाटवणं, गुटी, उकळून गार केलेलं पाणी सहा महिने नको. मे महिन्याच्या काहिलीतही आईच्या दुधातलं पाणी पुरतं. मध तर वर्षभर नको, त्यातून नवजात बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते. छातीत गाठ येऊन लाल झालं, ताप भरला, तरी पाजणं थांबवायचं नाही. डॉक्टरांना दाखवायचं आणि पाजत राहायचं.

नवऱ्याने काय करावं, हे मला नेहमी विचारतात. रात्री बाळ उचलून आणावं, ढेकर काढावी, लंगोट बदलावा. पाजायला बसलेल्या बायकोच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवावा. बघायला येणाऱ्यांना दारातून परतवावं, वाईटपणा घेऊन. ती दिवसेंदिवस रडत असेल, तिचं कशातच मन लागत नसेल, तर "होतं असं" म्हणून सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावं.

मी कामावर परतले ती २६ आठवड्यांच्या पगारी रजेनंतर. हा हक्क २०१७ पासून आहे, आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोनदा सुट्टीही. घरी काढून ठेवलेलं दूध झाकून चार तास, उकाड्यात त्याहून कमी. फ्रिजमध्ये आतल्या कप्प्यात चार दिवस. पण आमच्याकडे धुणीभांडी करायला संतोषनगरातून येणारीला यातलं काय मिळतं? ती दोन महिन्यांची बाळंतीण असताना कामावर उभी राहिली, छाती दाटून ब्लाउज भिजलेला. इमारतीतल्या आम्ही चार घरांनी मिळून तिला तीन महिन्यांचा पगार घरपोच दिला आणि तिची जागा राखली. नंतर ती बाळ घेऊन यायची, आमच्या आतल्या खोलीत दार लावून पाजायची. चार घरांत वाटलेला खर्च कुणालाच जड गेला नाही. तुमच्याकडच्या बाईला दिवस गेले असतील, तर हे आजच शेजाऱ्यांशी बोलून ठरवा. बाळंतपणानंतर बोलायला ती तुमच्यापर्यंत येणारच नाही, दुसरी बाई पाठवून मोकळी होईल.