खोलीखोलीत टीव्ही : आधी गुंठ्याचा हिशेब
(सभासद अभ्यासपाठ)



उसाचे बिल बँकेत जमा झाले, की गावात दोन तऱ्हेची माणसे दिसू लागतात. एक वसुलीवाले आणि दुसरे विक्रीवाले. वसुलीवाल्याला आपण ओळखून असतो. विक्रीवाला मात्र ओट्यावर बसतो, चहा घेतो आणि हसतमुखाने सांगतो, ‘महिन्याला फक्त एवढेच पडतील.’ या ‘फक्त’ शब्दाचा अभ्यास करण्यासाठी आजचा पाठ आहे. विषय साधा आहे. घरातल्या तीन खोल्यांत तीन टीव्ही, छपरावर एक छत्री आणि सर्वांत वरचा, म्हणजे प्रीमियम पॅक. घ्यावा का?

हमरापूरचे घर

हा प्रश्न आम्हांला आपल्या ऊसपट्ट्यात पडला नाही, कोकणात पडला. गेल्या पावसाळ्यात गावच्या मंडळाची मूर्ती ठरवायला आमच्या गटातले पाचसहा जण रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातील हमरापूरला गेलो होतो. पेणच्या गणपतींचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या मूर्ती घडवणाऱ्या गावांपैकी हमरापूर हे एक मोठे गाव. तिथे घराघरांत कारखाना. ‘कारखाना’ म्हटले की आपल्याला चिमणी आणि गव्हाण दिसते. तिकडे कारखाना म्हणजे घराला लागून असलेली शेड आणि तीत रांगेने मांडलेल्या गणपतीच्या मूर्ती.

ज्यांच्याकडे मूर्ती ठरवली, त्यांच्या घरी पाऊस थांबेपर्यंत बसलो. विक्रीवाला कालच येऊन कागद ठेवून गेला होता. पुढची खोली, आतली खोली आणि कारखान्याची शेड, तिन्हीकडे टीव्ही. सगळ्या वाहिन्या, स्पष्ट चित्राच्या म्हणजे एचडी. घरमालक म्हणाले, ‘दादा, तुम्ही साखर कारखान्याचे शेअरहोल्डर लोक. ताळेबंद वाचायची सवय तुम्हांला. जरा बघा हा कागद.’ आम्ही बघितला. हिशेब करता करता लक्षात आले, की हे घर आणि आपले घर यांत फारसा फरक नाही. त्यांचे काम वर्षभर चालते, पण पैसा हाती येतो तो गणेशचतुर्थीच्या आगेमागे. आपलेही तसेच. ऊस बारा-पंधरा महिने रानात, आणि पैसा हप्त्याहप्त्याने. टीव्हीचा रिचार्ज मात्र दर महिन्याला दारात उभा.

थोडा मागचा इतिहास

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात आपल्या देशात उपग्रहावरून शिक्षणाचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी वापरला गेला. आंध्र प्रदेश, ओरिसा (आताचे ओडिशा), कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक जागी संच बसवले गेले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री, आणि समोर अख्खे गाव बसलेले. शेतीचे कार्यक्रम लोक त्यावर पाहत.

खाजगी कंपन्यांची घरगुती छत्री आपल्याकडे २००३ पासून आली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने महिन्याचे पैसे न घेणारी छत्री सुरू केली. तीच आजची डीडी फ्री डिश. म्हणजे गावाला एक संच इथून निघून आपण खोलीला एक संच इथवर आलो. सोय झाली हे खरेच. सोयीची किंमत मोजायची राहून जाते, एवढेच आमचे म्हणणे.

यंत्र कसे चालते?

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. तिथून येणाऱ्या लहरी छत्री गोळा करते आणि पुढच्या दांडीवरच्या डबीत सोडते. डबीतून वायर निघून सेट टॉप बॉक्सला जाते. इथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली. प्रत्येक टीव्हीवर वेगळी वाहिनी बघायची तर प्रत्येकाला वेगळा बॉक्स आणि छत्रीपासून वेगळी वायर लागते. जास्त तोंडांची डबीही लागते. एकाच बॉक्समधून दोन टीव्हींना वायर ओढली, तर दोन्हीकडे एकच चित्र दिसते. काही घरांना तेवढेही पुरते.

दुसरी. मुसळधार पावसात या लहरी अडतात आणि चित्र फुटते किंवा जाते. पॅक वरचा असो की खालचा, पाऊस भेद करत नाही. छत्री एकच असल्यामुळे तिन्ही टीव्ही एकदम बंद पडतात. आम्ही बसलो होतो तेव्हा तसेच झाले. वहिनी हसून म्हणाल्या, ‘तीन घेतले असते तर तिन्ही गेले असते!’

तिसरी. एचडी वाहिनी वेगळी आणि महाग असते. टीव्ही जुना किंवा लहान असेल, आणि लांबून बघायचा असेल, तर तो फरक डोळ्याला फारसा कळत नाही. पैशाला मात्र कळतो.

बिलात काय काय असते?

बिलाचे दोन भाग. एक वाहिन्यांचे पैसे आणि दुसरा जोडणीचा आकार, ज्याला ‘नेटवर्क कपॅसिटी फी’ म्हणतात. वर १८ टक्के जीएसटी.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या नियमांनुसार २०१९ पासून सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करावी लागते आणि ती सुटीही द्यावी लागते. जोडणीच्या आकाराला तेव्हा १३० रुपयांची कमाल मर्यादा होती, कर वेगळा. जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने दुसऱ्या व त्यापुढच्या टीव्हीला याच्या ४० टक्क्यांहून अधिक आकार घेऊ नये असे ठरले. १३० चे ४० टक्के म्हणजे ५२ रुपये. पुष्कळांच्या डोक्यात तो आकडा अजून आहे. पण जुलै २०२४ मध्ये ट्रायने जोडणीच्या आकारावरची कमाल मर्यादा काढली आणि तो ठरवणे कंपन्यांवर सोडले. म्हणून जुन्या आकड्यावर विसंबू नये. दुसऱ्या बॉक्सचा आकार किती आणि वाहिन्यांचे पैसे पुन्हा पूर्ण लागणार की कमी, हे कागदावर लिहून मागावे.

हिशेब गुंठ्यात मांडा

आता मुख्य पाठ. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपापले आकडे घालून हिशेब पुन्हा करावा.

समजा, पहिल्या टीव्हीचा वरचा पॅक महिना ६०० रुपये आणि पुढच्या दोन टीव्हींचे प्रत्येकी ३००. महिन्याचे झाले १,२००. विक्रीवाला इथेच थांबतो. आपण थांबू नये. बाराने गुणले की वर्षाचे १४,४०० रुपये.

आता हे रुपये उसात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी जाहीर केली, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. समजा हातात २,८०० पडले. मग १४,४०० रुपये म्हणजे पाच टनांहून थोडा जास्त ऊस. ‘पाच टन ना, त्यात काय!’ असे आमच्यातलेही एकजण म्हणाले.

पण थांबा. त्या २,८०० मधून नांगरट, बेणे, खत, पाणीपट्टी, वीज, मजुरी आणि सोसायटीचे व्याज जायचे आहे. सगळे जाऊन टनामागे हजार रुपये शिल्लक राहिले असे धरू. टीव्ही शिल्लकीतून बघायचा असतो, खतातून नव्हे. तेव्हा १४,४०० रुपयांना चौदा टनांहून अधिक ऊस लागला. एकरी चाळीस टन, म्हणजे गुंठ्याला टन, असा उतारा धरला तर चौदा गुंठ्यांचा वर्षभराचा नफा छत्रीला बांधला गेला. एकराचा तिसरा हिस्सा आणि वर थोडे! बांधावर उभे राहून चौदा गुंठे पावलांनी मोजून बघावेत. म्हणजे ‘फक्त’ शब्दाचा अर्थ पायाला कळेल.

हमरापूरच्या दादांना आम्ही हेच त्यांच्या भाषेत विचारले. ‘एका मध्यम मूर्तीमागे सगळा खर्च जाऊन तुम्हांला किती सुटतात? तेवढ्याने १४,४०० ला भागा.’ त्यांनी बोटांवर मोजले आणि शेडमधल्या एका अख्ख्या रांगेकडे बघितले. काही बोलले नाहीत.

खोल्या मोजू नका, टक्कर मोजा

दुसरा टीव्ही घ्यावाच नये असे आम्ही म्हणत नाही. पण घरात खोल्या किती, हे मोजून टीव्ही ठरत नसतो. एकाच वेळी दोघांना वेगवेगळे बघायचे आहे, अशी टक्कर दिवसातून किती तास होते, ते मोजावे. आम्ही त्यांना आठ दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सांगितले आणि परत आलो.

पुढे फोनवर कळले. टक्कर व्हायची ती संध्याकाळी तासभर, आणि क्रिकेटचा सामना असला तर अधिक. मुलगा पुष्कळदा मोबाइलवरच बघतो, म्हणजे त्याचा ‘टीव्ही’ घरात आधीच आहे आणि त्याचे पैसेही वेगळे जात आहेत. शेडमधली गोष्ट तर गंमतीची निघाली. मूर्तीचे डोळे आखणारा माणूस टीव्ही बघूच शकत नाही. हात कामात, नजर मूर्तीवर. त्याला लागतो तो आवाज. गाणी, भजन, बातम्या. त्यासाठी एचडी कशाला? फ्री डिशवर दूरदर्शनच्या वाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्याही वाहिन्या लागतात. छत्री-बॉक्सचा खर्च एकदाच, पुढे महिन्याचे काही नाही.

आणि एक गोष्ट हिशेबात बसत नव्हती. त्या घरचा टीव्ही आतल्या खोलीत आहे, कारण आजींना गुडघ्यांमुळे फार उठवत नाही. आम्ही निघताना त्या म्हणाल्या होत्या, ‘सांजच्याला समदी माझ्या खोलीत येतात ती टीव्हीपायी. भाईर दुसरा लागला, म व्हईल काय?’ याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. पण घराचा निर्णय करताना हा प्रश्न कागदाच्या शेवटी तरी लिहावा, असे आम्हांला वाटते.

त्यांनी काय ठरवले?

प्रीमियम तीन खोल्यांचा पॅक त्यांनी घेतला नाही. आजींच्या खोलीतला टीव्ही तिथेच ठेवला, वाहिन्या निवडून. शेडमध्ये फ्री डिश बसवली. धाकट्या भावाला हे पटले नाही. दिवाळीनंतर पुढच्या खोलीत दुसरा बॉक्स आलाच, पण लहान पॅकचा. आम्ही त्यालाही चूक म्हणणार नाही. चार माणसांच्या घरात सगळे एका मापाने चालत नाही.

आपल्या धरलेल्या आकड्यांत सांगायचे, तर निवडक पॅक महिना ३५० आणि दुसरा बॉक्स १५०, असे महिना ५०० रुपये, वर्षाचे ६,०००. चौदा गुंठ्यांऐवजी सहा गुंठे. वर्षाला ८,४०० रुपये राहिले. पहिल्या वर्षी त्यातून फ्री डिशचा खर्च जाईल. पुढे ते मुलीच्या फीला, ठिबकच्या नळीला किंवा सोसायटीच्या हप्त्याला येतील.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. सवलतीचा दर किती महिने? नंतर मूळ दर किती?

२. बॉक्स विकत की भाड्याने? बिघडला तर दुरुस्तीचे आणि माणूस येण्याचे किती?

३. दुसऱ्या बॉक्सवर वेगळ्या वाहिन्या निवडता येतील का?

४. वर्षाचे पैसे एकदम भरले आणि मध्येच बंद केले, तर उरलेले परत मिळतील का?

५. काही महिने जोडणी थांबवता येईल का? २०१७ च्या सेवानियमांत अशी सोय आहे. ती मागावी लागते, कोणी आपणहून सांगत नाही.

६. पॅकमधल्या किती वाहिन्या आपल्या घरात गेल्या महिनाभरात खरोखर लागल्या?

गटात करायचा अभ्यास

प्रत्येक सभासदाने आठ दिवस टकरीच्या खुणा कराव्यात. या कामात घरातील भगिनींना आणि मुलांना बरोबर घ्यावे, कारण रिमोट कोणाच्या हाती असतो हे त्यांनाच पक्के ठाऊक! मग वर्षाचे बिल काढून त्याला आपल्या टनामागच्या शिल्लकीने भागावे. जो आकडा येईल तेवढे टन, म्हणजे साधारण तेवढे गुंठे. पुढच्या गटबैठकीला तो आकडा घेऊन या. कोणाचे दोन गुंठे असतील, कोणाचे वीस. दोन्ही चालतील, पण मोजलेले असावेत. काटा करून ऊस घालणारी माणसे आपण. करमणूकही काट्यावर घालून घ्यायला हरकत नाही.