जुन्या संगणकाचा सौदा : यंत्र कोणाचे, परवाना कोणाचा?



दहावी-बारावीचे निकाल लागले की धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परांडा अशा आपल्या गावांतील घराघरांत एक विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला संगणक हवा असतो. एमएस-सीआयटी करायची असते, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात. नव्या लॅपटॉपची किंमत ऐकून वडील गप्प बसतात आणि मग कोणी सोलापूर, लातूर किंवा पुण्याहून वापरलेला लॅपटॉप घेऊन येतो. यात गैर काहीच नाही. काटकसर ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र या सौद्यात एक प्रश्न आपण विचारत नाही. मीही तो विचारला नव्हता.

आमच्या मशिदीच्या मकतबसाठी असाच एक वापरलेला संगणक घेतला होता. विकणाऱ्याने मोठ्या उदारपणे सांगितले, “मौलाना, विंडोज, ऑफिस, सगळं टाकून दिलंय.” आम्ही त्याला दुआ देत परतलो. त्याच संगणकावर मी जुम्याच्या भाषणाची टिपणे लिहीत असे. त्यांतील एक भाषण सूरह अल-मुतफ्फिफीनवर, म्हणजे मापात कपट करणाऱ्यांवर होते! काही महिन्यांनी मकतबमधील एका मुलाने सहज विचारले, “मौलाना, हे ऑफिस क्रॅकचं आहे ना?” त्या शब्दाचा अर्थ मला त्या मुलालाच विचारावा लागला.

म्हणून आधी हा सौदा नीट समजून घेऊ. वापरलेल्या संगणकात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक यंत्र. ते विकणाऱ्याच्या मालकीचे असते आणि तो ते विकू शकतो. दुसरी त्यातील सॉफ्टवेअर. ती बहुधा कोणीच ‘विकत’ घेतलेली नसते. ती बनवणाऱ्याने काही अटींवर वापरण्याची परवानगी दिलेली असते. फिकहच्या भाषेत तो वस्तूवरील नव्हे, तर मनफअतवरील म्हणजे उपयोगावरील हक्क होय. ही परवानगी पुढच्या माणसाकडे जाऊ शकते की नाही, हे अटींवर ठरते. जी परवानगी विक्रेत्याकडे मुळात नाही, ती तो देणार कोठून? आपल्या ताब्यात नाही ते विकू नये, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माननीय हकीम बिन हिजाम (रजि.) यांना केली होती.

यावर काही बंधू म्हणतात की कंपनी गडगंज आहे, एक प्रत घेतल्याने तिचे काय कमी होते? काही जण विद्वानांचा मतभेद पुढे करतात. मतभेद होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हनफी परंपरेतील काही ज्येष्ठ आलिमांना केवळ हक्काची विक्री मान्य नव्हती, कारण हक्क हा हाती घेता येणारा माल नाही. तथापि, १९८८ च्या डिसेंबरात कुवेतमध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरिअतमान्य असून त्यांवर अतिक्रमण करता येणार नाही, असा ठराव केला. माझ्या मते, मतभेद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. ‘मला अटी मान्य आहेत’ हे बटण आपण दाबलेले असते, आणि सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याची आज्ञा आहे. देशाचा कायदाही स्पष्ट आहे. १९८४ च्या दुरुस्तीपासून संगणकीय प्रोग्रॅम कॉपीराइट कायद्यात येतात. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३-ब नुसार किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून केवळ दंड करू शकते.

आता खरेदीच्या वेळी काय पाहावे? संगणक विक्रेत्यासमोरच सुरू करा. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसले एवढ्यावर समाधान मानू नका. विंडोजचे बटण व ‘आर’ एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीतून एस-एल-एम-जी-आर लिहून एक जागा सोडा, मग पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला जोडून डी-एल-आय लिहा. उत्तरात ‘ओईएम’ आले तर परवाना यंत्रासोबत कारखान्यातून आलेला आहे आणि तो यंत्राबरोबर तुमच्याकडे येतो. ‘रिटेल’ आले तर तो जुन्या मालकाने तुम्हाला दिला की स्वतःकडे ठेवला, हे विचारा. ‘व्हॉल्यूम’ आले तर तो एखाद्या संस्थेचा परवाना आहे. संगणक विकला म्हणून तो विकला जात नाही. डी-एल-आयच्या जागी एक्स-पी-आर लिहिल्यास मुदत दिसते. घरगुती संगणकावर १८० दिवसांच्या आतली मुदत दिसली तर क्रॅकची शंका घ्या. क्रॅकच्या फायलींतून विषाणू शिरतात, आणि त्याच संगणकावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो. अर्थात पडद्यावरची कोणतीच खूण अंतिम नव्हे, म्हणून बिल मागाच. त्यावरील अनुक्रमांक लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी ताडून पाहा. इंटरनेट जोडून विंडोज नव्याने सुरू केल्यावर एखाद्या कंपनीचे नाव पुढे आले, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. चोरीचा माल जाणून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

आणखी एक पाहावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. स्वस्तातला सहाव्या पिढीचा लॅपटॉप घेताना हे ठाऊक असावे.

विकणाऱ्यांशीही दोन शब्द बोलायचे आहेत, कारण आपल्यातील कितीतरी तरुणांची संगणक दुरुस्तीची दुकाने आहेत. मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतील दाणे ओले लागले. मालकाने पावसाचे कारण सांगितले. त्यावर त्यांनी विचारले की मग ओले धान्य वर, लोकांना दिसेल असे का ठेवले नाहीस? क्रॅक हे आपल्या धंद्यातील ओले धान्य आहे. “यात विंडोजचा परवाना नाही, किंमत केवळ यंत्राची” एवढे बिलावर लिहिले की ते वर आले. दोष लपवून विकला तर ‘खियार-ए-ऐब’नुसार ग्राहकाला माल परत करण्याचा हक्क राहतो. शिवाय क्रॅक टाकून देण्याची मजुरी निर्दोष कशी म्हणावी? जुन्या मालकाचे फोटो, कागदपत्रे डिस्कवर राहिली असतील तर ती न चाळता पुसा. ती अमानत आहे.

ज्यांच्या घरी क्रॅक आधीच आहे त्यांनी घाबरून संगणक फेकू नये. यंत्र त्यांचेच आहे. उबुंटू किंवा आपल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस लिनक्स विनामूल्य मिळते, आणि बनवणाऱ्यांनीच ती वापरायची व वाटायची परवानगी दिलेली आहे. पत्रे, तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस आहे. त्यात मराठी उत्तम लिहिता येते.

आम्ही विक्रेत्याकडे परत गेलो तेव्हा तो म्हणाला, “मौलाना, सगळे असंच देतात.” संगणक परत घ्यायला तो तयार नव्हता. शेवटी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने आणि त्याच्या मोठ्या भावाने एका दुपारी सर्व पुसून उबुंटू घातली. जुना प्रिंटर तिच्याशी अजून जुळलेला नाही. हा लेखही पेन ड्राइव्हवर घेऊन मी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणला.