पुलगाव ते लंडन : घरापासून घरापर्यंत

लंडनमध्ये स्थिरावलेल्या आपल्या भागातल्या काही कुटुंबांनी नव्याने येणाऱ्यांसाठी ही टिपणं लिहून दिली आहेत.

अंतर आणि वेळ
नागपूर ते लंडन सरळ हवाई अंतर साधारण साडेसात हजार किलोमीटर. तिकिटावर छापलेले तास विमानतळापासूनचे असतात, आपण हिशेब घरापासून धरायचा. पुलगावहून नागपूरचं सोनेगाव विमानतळ वर्ध्यावरून दोन-अडीच तास. विरूळला समृद्धी महामार्गावर चढलात तर वाट मोकळी मिळते. नागपूर–मुंबई दीड तास, मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, नऊ ते दहा तास. परतताना वारा पाठीशी असतो, वेळ थोडा कमी लागतो.

दुसरी वाट दोह्याची : नागपूरहून चार-सव्वाचार तास, पुढे लंडन सात तास. ते विमान रोज असेलच असं नाही, चालू वेळापत्रक पाहा. वयस्कर माणसांसाठी मी हीच वाट सुचवेन. रेल्वेने मुंबई गाठायची तर विदर्भ एक्स्प्रेस आहे, पण विमानाच्या आदल्या दिवशी पोहोचा.

घड्याळातला फरक हिवाळ्यात साडेपाच तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार.

एकच तिकीट घ्या
एजंट कितीही गोड बोलो, आई-बाबांसाठी दोन सुटी तिकिटं घेऊ नका. आमच्या एजंटने नागपूर–मुंबई वेगळं आणि पुढचं वेगळं काढून दिलं. पहिलं विमान रखडलं. मुंबईत सामान पट्ट्यावरून उचला, टर्मिनल १ वरून २ ला जा, पुन्हा रांग. तोवर काउंटर बंद! पहिली कंपनी म्हणे पुढचं तिकीट आमचं नाही, दुसरी म्हणे उशीर आमचा नाही. व्हीलचेअर आधी सांगितली होती, तिथे नोंदच नाही. गुडघे धरून बसलेली आई, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि खिडकीतला माणूस मान वर करायला तयार नाही. परताव्यासाठी एक कागद मागितला, तो दिला तर त्यावर शिक्का मागितला, शिक्का आणला तर म्हणे ईमेल करा. आजही संताप होतो. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर हवा, सामानाची चिठ्ठी थेट लंडनची हवी. व्हीलचेअर निदान दोन दिवस आधी सांगा आणि होकाराचा कागद छापून बाबांच्या खिशात ठेवा.

मुलांना गावी कधी न्यायचं
डिसेंबर सोयीचा, उन्हाळा तर नकोच, पारा ४५च्या पुढे जातो. पण माझं आग्रहाचं मत वेगळं आहे. इथल्या शाळांना उन्हाळी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. पोळा ज्या वर्षी ऑगस्टमध्ये येईल त्या वर्षी तिकीट महाग पडलं तरी जा. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत पोरं घरोघरी जातात, बोजारा मिळवतात. आपल्या पोरांनी ते एकदा तरी हाताने करावं. मराठी मंडळाच्या गणपतीला नुसतं सजवून उभं केल्याने भाषा तोंडात बसत नाही. चुलतभावंडांशी भांडलं की बसते. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून उभं आहे, तिथे जरूर जा, पण गावाला पर्याय म्हणून नव्हे.

सामान
खव्याचे पेढे, तूप, पनीर आणू नका. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. लोणचं आणायचं तर मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून.