शेताचा प्लॉट होताना माती-पाणी तपासणारं करिअर

जून 2025 मध्ये सुरतला मुसळधार पाऊस झाला आणि पर्वत पाटिया, लिंबायत, पुणागाम भागातल्या वस्त्यांत खाडीचं, म्हणजे शहरातून वाहणाऱ्या ओढ्याचं, पाणी शिरलं. ऑगस्ट 2006 चा महापूर उकाई धरणातून तापीत सोडलेल्या पाण्याचा होता. खाडीपूर त्याहून वेगळा. तो इथल्याच पावसाचा, आणि आजूबाजूच्या जमिनीचं आपण काय केलं त्याचा. पर्वत हे मुळात शेतीचं गाव. टी.पी. स्कीम (नगररचना योजना) आल्या, जमिनी बिनशेती झाल्या, मार्केटं आणि सोसायट्या उभ्या राहिल्या. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं याच पट्ट्यात राहतात. त्यांच्या मुलांनी बारावीनंतर विचार करावा असं एक क्षेत्र इथेच दारात आहे: शेताचा प्लॉट होताना माती आणि पाण्याचं काय होईल, हे बांधकामाआधी तपासणं.

हे काम नेमकं काय असतं? एक हिशेब करून पाहा. एक हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी होतं. भातखाचरात किंवा उसाच्या शेतात यातलं बरंच पाणी बांधाआड थांबतं. छप्पर आणि काँक्रीट झालं की जवळजवळ सगळं थोड्याच वेळात गटारात आणि तिथून खाडीत जातं. मात्र ‘काँक्रीटमुळे पाणी मुरणं बंद झालं’ एवढंच लिहिणाऱ्याने काळ्या मातीत खड्डा खणलेला नसतो. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिला पाऊस भराभर पिते; ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी फार सावकाश झिरपतं. म्हणून अशा जागी मुरण्याइतकंच महत्त्व बांध, सखल जागा आणि जुने ओहोळ यांना आहे. शेजारच्या प्लॉटवर चार फूट भरणी झाली की पाणी कोणाच्या घरात जाईल, हे आधी सांगणारा माणूस हवा असतो.

मग बाकीची कामं. मातीचे नमुने घेऊन ती किती फुगते ते मोजायचं, कारण पायाला तडे त्यामुळेही जातात. दुहेरी रिंग जमिनीत ठोकून पाणी मुरण्याचा वेग पाहायचा. विहिरीच्या पाण्यात खतांमधून आलेलं नायट्रेट तपासायचं. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. भरणीची माती कुठून आली, तिच्यात कारखान्याचा गाळ तर नाही ना, हे विचारायचं. शेतातली जुनी बोअर नीट बुजवली नाही तर सांडपाणी त्या भोकातून थेट भूजलात उतरतं, तीही शोधायची. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला यातलं बरंच आधीच कळतं.

कायद्याने या कामाला जागा दिली आहे. केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. ईआयए म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थांना नॅबेट या मान्यता मंडळाची मान्यता घ्यावी लागते, आणि तिथे माती, भूजल, जमीनवापर अशा विषयांचे वेगवेगळे तज्ज्ञ लागतात.

गणित आवडत असेल तर सिव्हिल किंवा पर्यावरण अभियांत्रिकी. सुरतच्याच एसव्हीएनआयटीत जेईई मेनमधून प्रवेश मिळतो, पुढे एम.टेक.साठी गेट परीक्षा. जीवशास्त्र घेतलं असेल तर बी.एस्सी. कृषी करून मृदाशास्त्रात एम.एस्सी.; नवसारी कृषी विद्यापीठ जवळ आहे, महाराष्ट्रात राहुरी. भूशास्त्राची पदवी घेऊन भूजलाकडेही जाता येतं. नागपूरला मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, पुण्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा. कॉलेजची वाट न पाहता क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर शिकायला लागा आणि गूगल अर्थवर आपल्याच भागाची जुनी छायाचित्रं पाहा.

आई-वडिलांची काळजी पगाराची असते, आणि ती रास्त आहे. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मुलाइतका नसतो, उन्हात फिरावं लागतं. मुलींना साइटवर पाठवायची धास्ती वाटते. गाडीची सोय, सोबत कोण, परत किती वाजता हे नोकरी घेतानाच विचारा, त्यात संकोच नको. पण अनुभवाने या कामात किंमत वाढते, आणि हे काम सल्लागार संस्था, प्रयोगशाळा, महापालिका, बांधकाम कंपन्या अशा अनेक ठिकाणी चालतं.

खरी अवघड गोष्ट वेगळी आहे. अहवालाचे पैसे बहुतेक वेळा बिल्डर देतो आणि अहवाल त्याला सोयीचा हवा असतो. न घेतलेल्या नमुन्याचे आकडे लिहायला सांगितलं तर नकार द्यावा लागेल. त्या दिवशी घरच्यांनी मुलाच्या पाठीशी उभं राहावं, एवढी आई-वडिलांना विनंती.